शेपर घ्यावा की राऊटर टेबल?

(ज्ञातिमंडळाच्या विश्वकर्मा जयंतीच्या सभेतील व्याख्यानाचा गोषवारा)



आपल्या वाडवडिलांना चौकटीस नक्षी पाडावयाची, तर प्रत्येक नक्षीस निराळा रंधा लागे. आज ते काम यंत्रे करतात. आणि नवा कारखाना काढू इच्छिणारे आपले तरुण मला वारंवार विचारतात, की शेपर घ्यावा की राऊटर टेबल? यंत्र बहुधा कर्ज काढून घ्यावयाचे असते. त्यामुळे हा प्रश्न हौसेचा नसून संसाराचा आहे.

दोहोंचे तत्त्व एकच. टेबलाच्या मध्यातून पाते वर येते आणि लाकूड आडपट्टीस टेकवून त्यापुढून सरकवावयाचे. भेद आहे तो बळाचा व वेगाचा. शेपरचा दांडा सामान्यतः पाऊण ते सव्वा इंच जाड, मोटर ३ ते ५ अश्वशक्तीची, फेरे मिनिटास ७,००० ते १०,०००. राऊटरची मोटर लहान, परंतु तिचे फेरे २०,००० च्याही वर जातात.

कामाची सफाई धारेच्या वेगावर पुष्कळ अवलंबून असते. २५ मि.मी. व्यासाचे पाते २०,००० फेऱ्यांनी फिरले, म्हणजे धारेचा वेग सेकंदास सुमारे २६ मीटर पडतो. १२ मि.मी.चे पाते शेपरवर ७,००० फेऱ्यांनी फिरविल्यास तोच वेग साडेचार मीटरही भरत नाही आणि काम खरबरीत उतरते. उलट १२५ मि.मी.चे पाते तेवढ्याच फेऱ्यांत ४६ मीटर गाठते. म्हणून बारीक नक्षी व खोबणी राऊटरने करावी; दारांच्या जाड चौकटी आणि दिवसभराचे एकसारखे काम शेपरकडे द्यावे.

येथे माझी चूक सांगितली पाहिजे. धंद्याच्या आरंभी शेपरचा खर्च वाचविण्यासाठी मी ७५ मि.मी.चे पाते राऊटरवर २२,००० फेऱ्यांनी चालविले. धारेचा वेग ८६ मीटरांवर गेला. लाकूड हातातून हिसकले जाऊन भिंतीवर आदळले. बोटे वाचली ती केवळ दैवयोगाने. एवढे मोठे पाते १०,००० फेऱ्यांच्या आसपासच चालवावे, हे मी त्या दिवशी शिकलो.

दोन्ही यंत्रांवर लाकूड पात्याच्या फिरण्याविरुद्ध सरकवावे. पाते व आडपट्टी यांच्या मध्ये ते कधीही अडकवू नये. लहान तुकडा नुसत्या हाताने धरू नये.

माझा सल्ला असा: एकट्याचा कारखाना, घरगुती वीज आणि किरकोळ निरनिराळी कामे असतील, तर राऊटर टेबलाने आरंभ करावा. एकाच नक्षीची शेकडो फूट मागणी नित्य येऊ लागली, म्हणजे थ्री-फेज जोडणीसह शेपर घ्यावा. मात्र हिशेबात पात्यांची किंमतही धरावी. शेजाऱ्याने घेतले म्हणून यंत्र घेऊ नये.

यंत्र पुन्हा घेता येते, बोटे येत नाहीत. प्रभू विश्वकर्मा आपणा सर्वांच्या हातांस यश देवो.