बाबांचं जहाज, आईचे पाय आणि वीस हजारांचं तिकीट

खापरखेड्यातून बोलतेय. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या, आज घरातच रेकॉर्ड करून राहिली आहे.

आजचा विषय क्रूझचा. हसू नका. समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर बसून क्रूझवर बोलणं म्हणजे जरा अतीच, पण आमच्या घरात गेले दोन महिने दुसरा विषयच नाही. बाबा मार्चमध्ये रिटायर होतायत. चौतीस वर्षं वीज केंद्रात, त्यातली बरीचशी कोळसा विभागात, शिफ्टमध्ये. दादाने पुण्याहून फोनवर सांगून टाकलं, "बाबांना मुंबई–गोवा क्रूझवर नेऊ, सगळेच जाऊ." सगळेच म्हणजे आई, बाबा, दादा, वहिनी आणि मी. पैसे दादा आणि मी अर्धे-अर्धे. झालं, हिशेब माझ्याकडे आला.

तर पहिली गोष्ट, तिकिटाची. हिशेब सोपा जावा म्हणून माणशी वीस हजार धरू. तुमच्या तारखेला आकडा वेगळा निघेल. शनिवार-रविवार आणि दिवाळी-नाताळात भाव कुठल्या कुठे जातो. मोबाईलवर मोठ्या अक्षरात जो भाव दिसतो तो बहुतेक वेळा एका खोलीत दोघं राहतील असं धरून माणशी असतो. कर, बंदराचे पैसे, सेवाशुल्क हे सगळं शेवटच्या पानावर उगवतं. त्यामुळे पैसे भरायच्या आधीचं ते शेवटचं पान उघडा, त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि तोच खरा भाव समजा. जेवण धरलेलं असतं, दारू आणि कसिनो नसतो, गोव्यात उतरून फिरायचा खर्च आपला. नेटवर्क किनारा सुटला की काही वेळात जातं, जहाजावरच्या वायफायचे पैसे वेगळे. म्हणजे रील परत आल्यावरच टाका. मी तर म्हणते, वीस दिसले तर पंचवीसची तयारी ठेवा. पाच जणांचे सव्वा लाख. वर नागपूर–मुंबई येणं-जाणं.

सव्वा लाख ऐकून मी दोन दिवस गप्प होते. मग प्रश्न पडला, एवढ्यात आपण नक्की विकत काय घेतोय?

आपल्याकडे छोट्या जहाजाचा प्रयोग झाला होता. आंग्रिया. २० ऑक्टोबर २०१८ला मुंबईत तिचं उद्घाटन झालं, आणि गंमत बघा, करणारे गडकरी आणि फडणवीस, दोघंही नागपूरचे! समुद्र नसलेल्या गावच्या माणसांनी कोकणकिनाऱ्याचं जहाज सोडलं. लांबी १३१ मीटर, खोल्या १०४, प्रवासी चारशेच्या आसपास. नाव कान्होजी आंग्र्यांवरून, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला समुद्रात पाण्याखाली आंग्रिया नावाचं प्रवाळांचं पठार आहे त्यावरून. संध्याकाळी चारच्या सुमारास मुंबई सोडायची, दुसऱ्या दिवशी सकाळी गोवा. २०२०मध्ये कोविडने सेवा थांबली, त्यानंतर आंग्रिया काही त्या मार्गावर धावली नाही.

आता ती वेळ नीट बघा. चारला निघालं जहाज, हिवाळ्यात सहाला अंधार. म्हणजे उजेड दोन तास, आणि त्यातला बराचसा मुंबई बंदरातून बाहेर पडण्यातच जाणार. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण हे सगळं तुम्ही झोपेत ओलांडता. जागे राहिलात तरी जहाज किनाऱ्यापासून लांबून जातं, दिसले तर दिवे दिसतील. किल्ले, माडाची बनं, जाहिरातीत असतं तसलं काही डेकवरून दिसत नाही.

जुन्या कोकणबोटीची गोष्ट वेगळी होती. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' या बोटी भाऊच्या धक्क्यावरून निघून बंदरं घेत घेत जायच्या, होडीतून माणसं चढायची-उतरायची. ती हौस नव्हती, ती त्यांची एसटी होती. पुढे रस्ते सुधारले, २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण खुला झाला. आता समुद्रातून जायची गरज कोणालाच उरली नाही, म्हणून जे उरलं ते हौसेच्या भावात मिळतं.

सध्या मुंबईहून चालतं ते कॉर्डेलियाचं एम्प्रेस. जहाज १९९०चं, आपल्याकडे २०२१पासून, अकरा मजले. 'आयकॉन ऑफ द सीज'सारख्या साडेसात हजार माणसांच्या जहाजापुढे हे लहानच. पण आपल्यासाठी? एक अख्खं गाव तरंगून राहिलं पाण्यावर. तिथे तुम्ही पैसे जहाजाचे देता, किनाऱ्याचे नाही. हे एकदा डोक्यात बसलं की महाग-स्वस्त ठरवणं सोपं जातं. आणि जहाजाच्या सहलींतही बघून घ्या, काही दोन रात्रींच्या सहली कुठेच थांबत नाहीत. समुद्रात फिरून परत मुंबई.

हे सगळं मी जेवताना घरी सांगितलं. मला वाटलं, बाबा म्हणतील राहू दे. तर आई पहिल्यांदा बोलली. "मले समुद्रात पाय बुडवाचे आहेत. जहाजावरून बुडवता येतात का?"

नाही येत ना! अकरा मजल्यांच्या जहाजावरून समुद्र फक्त बघायचा असतो. तिला हवा होता किनारा. त्याला क्रूझ लागतच नाही. नागपूर–मडगाव विशेष गाडी सुरू असेल तर ती घ्या, शेगाववरूनच जाते, कुडाळला उतरा, मालवणला राहा, होडीने सिंधुदुर्ग बघा. साध्या घरगुती राहण्यात दोघांचं चार दिवसांचं वीसेक हजारांत व्हावं, असा माझा हिशेब. फक्त पावसाळ्यात नको, तेव्हा होड्या बंद असतात.

मी खूश. प्रश्न सुटला. तेवढ्यात बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "मले तं जहाजच पाहाचं होतं."

चौतीस वर्षं या माणसाने कोळसा आत जाताना आणि वीज बाहेर जाताना पाहिली. एवढं लोखंड पाण्यावर चालतं कसं, आत वीज कुठून येते, हजार-दीड हजार माणसांचं जेवण शिजतं कुठे, हे त्यांना बघायचंय. इंजिन रूममध्ये प्रवाशांना सोडत नाहीत हे मी सांगितलं. म्हणाले, "आवाजावरून कळते." त्यांनी आजवर स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही.

म्हणजे एकाच घरात एकाला किनारा हवा, एकाला जहाज. आणि दादाला? त्याला फोटो हवे होते, ते त्यानेच कबूल केलं. मग मी पाचातून तीन नावं खोडली. माझं पहिलं. दोघांचे पन्नास हजार. ते आम्ही दोघं भावंडं काढू शकतो, हप्ता न करता. कर्ज काढून क्रूझ करू नका बाबांनो, हे मात्र मी ठणकावून सांगते. बाबांनी कुरकुर केली, "तुम्ही नाही तं काय मजा?" आईने त्यांना गप्प केलं.

सहल गोव्याला थांबणारीच बघितली. जहाज मुरगाव बंदरात लागतं. तिथून कलंगुट लांब पडतं, जाण्या-येण्यातच जीव जाईल. बोगमाळो जवळ आहे. टॅक्सीने जायचं, आईने तासभर पाय बुडवायचे, वेळेच्या बऱ्याच आधी परत. जहाज कोणासाठी थांबत नाही. मुंबईलाही आदल्या दिवशीच पोचायचं ठरवलंय, गाडीच्या भरवशावर एवढं तिकीट कोण टांगणार?

आणि जहाज लागेल का, म्हणजे उलट्या वगैरे, याची स्वस्त परीक्षा आहे. आदल्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो पकडा, तासाभराचा प्रवास. तिथेच पोट ढवळलं तर डॉक्टरांना विचारून गोळी बरोबर ठेवा. खोली खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मधोमध घ्या, तिथे हेलकावे कमी जाणवतात. तिथल्या खोल्या बहुतेक स्वस्तही असतात, कारण खिडकी नसते.

त्या खिडकीवरूनच काल शेवटचं भांडण झालं. आई म्हणाली, "खिडकी नाही तं दिवस उगवला हे कळन कसं?"

बाबा म्हणाले, "चौतीस वर्षं मले कुठं कळत होतं?"

बिनखिडकीची बुक केली.