फुकटच्या जागेवरचे कूळ



जून २०१६ च्या अखेरीस डेनिस कूपर हे अमेरिकन कादंबरीकार आपला ब्लॉग उघडावयास गेले, तो ब्लॉग जागेवर नव्हता. दहा वर्षांहून अधिक काळ ते तेथे जवळजवळ नित्यनेमाने लिहीत आले होते. हलत्या चित्रांतून रचलेली एक कादंबरीही तेथेच आकार घेत होती. ब्लॉगबरोबर त्यांचा ई-मेलही बंद झाला. नियमभंग झाला, एवढेच त्यांना कळविण्यात आले. वाचकांनी सह्या गोळा केल्या, वकील उभे राहिले, वृत्तपत्रांत गवगवा झाला, तेव्हा कुठे दोन महिन्यांनी गूगलने लिखाण परत दिले. दहा वर्षांपूर्वीच्या एका पानावरील चित्राविषयी कोणीतरी तक्रार केली होती, हे मागाहून उघड झाले. ही झाली नामवंताची कथा. ज्याच्यामागे ना वकील ना वृत्तपत्र, त्याने कोणाचे दार ठोठवावे?

१९९९ मध्ये पायरा लॅब्ज या लहानशा कंपनीने ‘ब्लॉगर’ सुरू केले आणि २००३ मध्ये गूगलने ते विकत घेतले. छापखाना नको, कागद नको, संपादकाची मर्जी नको. ज्यांचे लिखाण एरवी वहीतच राहिले असते अशी असंख्य माणसे, मराठी माणसेही, तेथे लिहिती झाली. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही.

परंतु जागा आपली नव्हती. फेब्रुवारी २०१५ मध्ये कंपनीने जाहीर केले की, उघड लैंगिक चित्रे असलेले ब्लॉग २३ मार्चपासून सर्वांस दिसणार नाहीत. ओरड होताच काही दिवसांत निर्णय मागे घेतला. घेताना कोणास विचारले नव्हते, फिरवितानाही नाही. सरकारचा हात तर याहून आडदांड. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलगाड्यांतील बॉम्बस्फोटांनंतर दिल्लीहून मोजक्या पानांविरुद्ध आदेश निघाला आणि इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांनी ब्लॉगस्पॉटचा सारा पत्ताच बंद केला. स्फोटग्रस्तांच्या नातेवाइकांना माहिती पुरविण्यासाठी नागरिकांनी चालविलेले पानही त्यातच अडकले.

२०१२ पासून भारतातील वाचकास ‘डॉट इन’ या पत्त्यावर नेले जाऊ लागले. हेतू हा की, एका देशाच्या कायद्याने काढावयाचा मजकूर त्या देशापुरताच काढता यावा. पुढे ही पद्धत सोडली आणि २०२० मध्ये तो पत्ताच कंपनीच्या हातून निसटून दुसऱ्याकडे गेला. मूळ लेख शाबूत राहिले, पण त्या काळात इतरत्र नोंदलेले दुवे तुटले. गाव तेथेच आहे, वाट मात्र नांगरली गेली.

फसवणूक करणारी किंवा बालकांच्या शोषणाची पाने तत्काळ काढलीच पाहिजेत; त्याविषयी वाद नाही. ‘फुकट दिले, तक्रार कसली?’ हा युक्तिवाद मात्र तपासला पाहिजे. लाखो लोकांच्या लिखाणानेच त्या ओसाड जागेला मोल आले. १९४८ च्या कूळकायद्याने जमीनदारास तीन महिन्यांच्या लेखी नोटिशीचे बंधन घातले आणि मामलेदाराच्या हुकुमावाचून कुळाकडून ताबा घेण्यास मनाई केली. कसणाऱ्याचा त्या जमिनीशी काही संबंध जडतो, हे तेथे कायद्याने ओळखले. लिहिणाऱ्याच्या बाबतीत ते अजून पुरतेपणी ओळखलेले नाही. भारताच्या २०२१ च्या नियमांत, ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमाने आपणहून मजकूर काढताना लेखकास कारण कळवावे व दाद मागू द्यावी, असे कलम आले, हे बरेच झाले. पण काढलेले लिखाण लेखकाच्या हवाली करण्याचे बंधन त्यात नाही, आणि त्याच नियमांनी सरकारचा हातही लांब केला आहे.

मागणी मोठी नाही. कोणतेही पान काढण्यापूर्वी, ते घातक नसेल तर, मुदत द्यावी. कोणत्या ओळीवर वा चित्रावर आक्षेप आहे ते सांगावे. यंत्राने निवाडा केला असल्यास तो माणसाने पुन्हा तपासावा. आणि काहीही झाले तरी लेखकाची प्रत त्यास मिळावी. तोवर ज्याने त्याने आपल्या ब्लॉगची प्रत उतरवून घरी ठेवावी. ती सोय ब्लॉगरवर आहे, वापरतात थोडे.

कूपर यांनी पुढे स्वतःच्या पत्त्यावर नवे घर मांडले. परत मिळालेली जुनी पाने ते एकेक करून तेथे पुन्हा लावू लागले.