मोराचं पीस कुणाचं?

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागल्या बैठकीत आपल्यातल्या एका पोरानं प्रश्न टाकला होता. त्याच्या ऑफिसातली माणसं पैसे भरून कुठल्याशा शिबिराला गेली होती. डोळे मिटायचे, ढोल वाजणार, आणि मग तुमचा प्राणी तुमच्या पुढ्यात येणार. कुणाला लांडगा आला, कुणाला गरुड. तोच म्हणे तुमचा गुरू, तोच जन्मभर वाट दाखवणार. पोरानं विचारलं, अमेरिकेतले आदिवासी हेच मानतात ना? आपल्या म्हाताऱ्यांची देवकं म्हणजे हेच ना? मग आपण ती का टाकली?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून आज उभा राहिलोय. तरी एक बोलतोच. त्या शिबिरात कुणालाही घूस आली नाही, की डुक्कर आलं नाही. आम्ही ज्यांच्या शेजारी जन्म काढला ते प्राणी गुरू व्हायच्या लायकीचे नसावेत.

आधी शब्द बघा. टोटेम हा शब्द ओजिब्वे लोकांचा. सुपीरियर सरोवराच्या काठची ही माणसं. ते म्हणतात डोडेम, म्हणजे कुळ, कुळाची खूण. १७९१ साली जॉन लाँग नावाच्या व्यापाऱ्यानं लंडनमध्ये पुस्तक छापलं आणि त्यातून हा शब्द इंग्रजीत गेला. गेला तोच वाकडा गेला. लाँगनं दोन गोष्टींची खिचडी केली. ओजिब्वे पोरगा वयात येताना उपाशीपोटी रानात बसायचा. स्वप्नात जो दिसेल तो त्याचा एकट्याचा पाठीराखा. ही एक गोष्ट. डोडेम ही दुसरी. ते स्वप्नात मिळत नाही, आवडलं म्हणून घेता येत नाही, बापाकडून येतं आणि सगळ्या कुळाचं मिळून असतं. लाँगनं दोन्ही एकच धरल्या. लेवी-स्त्रोसनं १९६२ साली टोटेमवरच्या आपल्या पुस्तकात ही गफलत उघडी केली. पण शिबिरवाल्यांचा धंदा अजून त्या व्यापाऱ्याच्या चुकीवरच चाललाय.

मग डोडेम शिकवतं काय? विल्यम वॉरन हा आईकडून ओजिब्वे. त्यानं म्हाताऱ्यांकडून ऐकून आपल्या लोकांचा इतिहास लिहिला. तो मेल्यावर १८८५ साली छापला गेला. त्यात एक गोष्ट आहे. समुद्रातून सहा जण वर आले. एकाच्या डोळ्यांवर झाकण होतं. त्यानं ते उचलून एका माणसाकडे पाहिलं, तर माणूस जागच्या जागी मेला. बाकीच्यांनी त्याला परत पाण्यात धाडलं. राहिलेल्या पाचांपासून पाच मूळ कुळं झाली: क्रौंच, मासा, लून नावाचा पाणपक्षी, अस्वल, आणि मार्टेन, म्हणजे मुंगसासारखं एक जनावर. ज्याची नजर मारते तो कितीही जवळचा असो, माणसांत ठेवायचा नाही. मला ही गोष्ट फार आवडते.

क्रौंच कुळाची माणसं बोलणारी, सभेत आवाज लागणारी. अस्वल कुळाची लढणारी, राखण करणारी. एकाच कुळात लग्न म्हणजे घोर पाप, ती भावंडंच. परमुलखातला माणूस दारात आला आणि त्याचं डोडेम तुमचंच निघालं, तर तो पाहुणा नाही, घरचा. म्हणजे प्राणी काय सांगतो? तू कुणाचा लागतोस, कुणाला खाऊ घालायला बांधलेला आहेस, हे सांगतो. शिबिरातला लांडगा म्हणतो तू भारी आहेस. यातला गुरू कोण आणि खुशमस्कऱ्या कोण, तुम्हीच ठरवा.

आता एक चित्र डोळ्यांपुढे आणा. १८४९ साली सुपीरियर काठचे ओजिब्वे पुढारी वॉशिंग्टनला पोचले. त्यांना जमिनीवरून हुसकून पश्चिमेला ढकलायचा घाट सरकारनं घातला होता. अर्ज नेला तो भूर्जाच्या सालीवर काढलेला. त्यात माणूस एकही नाही. पुढे क्रौंच. मागे तीन मार्टेन, मग अस्वल, मग अर्धा माणूस अर्धा मासा, शेवटी मिशाळ मासा. सातही जणांच्या मागे कुळं उभी. प्रत्येकाच्या डोळ्यातून निघालेली रेघ क्रौंचाच्या डोळ्याला जोडलेली, प्रत्येकाच्या काळजातली रेघ क्रौंचाच्या काळजाला. क्रौंचाच्या डोळ्यातून एक रेघ पुढे जाते, वॉशिंग्टनच्या मोठ्या साहेबाकडे. दुसरी मागे वळते, त्या लहान तळ्यांकडे जिथे त्यांचा रानतांदूळ पिकतो. आमची नजर एक, काळीज एक, आणि आम्हाला पाहिजे आहे ही तळी. झाला अर्ज. आपण कलेक्टर कचेरीत दिलेली कितीतरी निवेदनं मी स्वतः लिहिली आहेत, चारचार पानांची. इतकं सरळ मला एकदाही लिहिता आलं नाही.

सरकारनं काय केलं? १८५० साली राष्ट्राध्यक्ष टेलरनं हलवण्याचा हुकूम काढलाच. ठरलेली वार्षिक रक्कम आणि धान्य घ्यायला ऐन थंडीच्या तोंडावर त्यांना लांब सँडी लेकला बोलावलं. पैसा वेळेवर नाही, आला तो माल सडका. तिथे आणि परतीच्या वाटेवर मिळून चारशेच्या आसपास माणसं उपासमारीनं, रोगानं, गारठ्यानं मेली. मग १८५२ साली त्यांचा म्हातारा पुढारी, नव्वदी ओलांडलेला केचेवैश्के, पुन्हा वॉशिंग्टनला गेला. राष्ट्राध्यक्ष फिलमोरनं हुकूम मागे घेतला. १८५४ च्या तहात त्यांच्या मुलखात त्यांच्यासाठी जमिनी राखल्या गेल्या. आजही ते तिथे आहेत.

१८८३ साली अमेरिकन सरकारनं नियम काढले: आदिवासींचे नाच, त्यांचे वैदू, सगळं गुन्हा. शिधा तोडायचा नाहीतर कोंडायचं. त्यांना त्यांचा धर्म पाळू द्यावा, यासाठी १९७८ साली वेगळा कायदा करावा लागला. ज्यांच्या बापजाद्यांनी ढोल बंद पाडले त्यांचीच पोरं आता पैसे घेऊन ढोल वाजवतात. १९९३ साली लाकोटा लोकांनी आपला धर्म विकणाऱ्यांविरुद्ध युद्धाची घोषणाच लेखी केली. च्यायला, बरोबरच केलं.

आता आपल्या घरात या.

आमचं आडनाव मोरे. गावच्या पाटलाचंही मोरे. आमचं देवक मोराचं पीस, पाटलाचंही तेच. लग्नात मांडवाखाली ते पुजायचे, आम्हीही पुजायचो. माळावर पीस सापडलं की आजी कपाळाला लावायची. म्हणायची, "आपल्या कुळाचं हाय ते, पाय लावू नगंस." मोराचं मटण आमच्या घरात कधी शिजलं नाही, आणि तेव्हा आम्ही पोटासाठी काय खात नव्हतो ते तुम्हाला सांगायची गरज नाही. छप्पन्न साली बापानं धम्म घेतला. देव्हारा पोत्यात भरला आणि नदीला सोडला. पीस तेवढं आजीनं आढ्याला खोचून ठेवलं. बापलेकाचं नाही, पण मायलेकाचं त्यावरून महिनाभर बोलणं बंद होतं.

ओजिब्वेंचा नियम लावला तर पाटील माझा भाऊ. पण त्या भावाच्या विहिरीवर आम्ही ओंजळ करून उभे राहायचो आणि वरून पाणी पडायचं. एक पीस त्याच्या मांडवात, एक आमच्या. मोरानं त्याला काय शिकवलं? काही नाही. इथे येऊन देवक मुकं होतं.

का होतं, हे बाबासाहेबांनी शोधलं. ९ मे १९१६ ला कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातींवरचा निबंध वाचला, तो प्रा. गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये. याच गोल्डनवायझरनी १९१० साली टोटेमवर मोठा निबंध लिहिला होता. पंचविशीतल्या बाबासाहेबांनी तिथे मांडलं ते असं: कुळाबाहेर लग्न करा हा इथला जुना नियम. त्याच्यावर जातीबाहेर लग्न करू नका हा दुसरा नियम लादला, तिथे जात तयार झाली. देवक दार उघडायला सांगत होतं, जातीनं बाहेरून दुसरा वाडा बांधून कडी घातली. पुढे १९४८ साली 'अस्पृश्य मूळचे कोण?' मध्ये त्यांनी महार आणि मराठे यांची कुळं तीच आहेत हा पुरावा म्हणून मांडला. वंशानं वेगळे असण्याची भटी थाप तिथेच कोसळते. आजीनं जे पूजलं, बाबासाहेबांनी ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं.

म्हणून माझं उत्तर. देवकाची पूजा मी करत नाही, माझ्या लेकीच्या लग्नात ते बसवलं नाही. पण आढ्यातलं पीस मी फेकलंही नाही. पुरावा कोण फेकतो?

आणि एक प्राणी आपण स्वतः घेतला, त्याचीही जन्मकथा पक्की ठेवा. अलाबामातला लोंडेस परगणा. शंभरातली ऐंशी माणसं काळी, आणि १९६५ च्या सुरुवातीला मतदार यादीत त्यांतलं एकही नाव नाही. त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. अनेकांना वाचता येत नव्हतं, म्हणून मतपत्रिकेवर चित्र लागायचं. गोऱ्यांच्या पक्षाचं चित्र पांढरा कोंबडा. यांनी काळा पँथर घेतला. कोंडला, कोपऱ्यात गाठला की उलटतो म्हणून. तिथून तो १९६६ ला ओकलंडला गेला, १९७२ ला मुंबईत आला. तो कुणाच्या स्वप्नात आला नव्हता. सभेत बसून, वाद घालून घेतला होता.

आता काम. दिवाळीत गावाला जाल तेव्हा वही न्या. आडनाव, कुळ, देवक, तिन्ही विचारा. आपल्या वाड्यात विचारा, मांगवाड्यात विचारा, आणि पाटलाच्या ओसरीवर जाऊनही विचारा. तो सांगणार नाही कदाचित. त्याच्या म्हातारीला विचारा, ती सांगेल. पुढच्या बैठकीत सगळ्या वह्या एकाशेजारी एक उघडू. आता चहा घ्या, मग प्रश्न.