हिमालयाच्या वाटेवर निघण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला गाणी व्हावीत, खेळ व्हावेत, हळदीकुंकू व्हावे. अशा दिवशी थंडीने माणसे दगावल्याच्या गोष्टी सांगणे कुणाला रुचणार नाही. पण येत्या वैशाखात आपल्या मंडळाच्या अकरा भगिनी केदारनाथास जावयाच्या आहेत. त्यांतील चौघींनी साठी ओलांडली आहे. तयारीच्या बैठकीत चिवडा किती न्यायचा, लाडू किती करायचे, याचा चोख हिशेब झाला. अंगात काय घालायचे आणि वाटेत कुणाला बरे वाटेनासे झाले तर काय करायचे, हा विषय मात्र निघालाच नाही. म्हणून चिटणीसबाईंकडून मी ही पंधरा मिनिटे मागून घेतली.

पुष्कळ भगिनी म्हणतात, "आम्ही सप्तशृंगी चढलो, रायगड चढलो, केदारनाथाचे काय भय?" तेव्हा आधी उंचीचा हिशेब पाहू. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. केदारनाथाचे मंदिर आहे सुमारे ३,५८३ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. गौरीकुंडापासून सुमारे सोळा किलोमीटरची वाट आणि तिच्यात सोळाशे मीटर चढ. समुद्रकाठावरून निघून एका दिवसात कळसूबाईचा माथा गाठावा, तेवढा तो चढ आहे. दर हजार मीटरला हवा सहा-सात अंशांनी गार होत जाते. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू आपल्या कोकणकिनाऱ्यावरच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमीच. सह्याद्रीत दमले की घटकाभर बसले म्हणजे बरे वाटते. तिथे ओल्या अंगाने घटकाभर बसणे हाच धोका आहे.

कुणी म्हणेल, आपण काही पौषात जात नाही. तर १९९६ सालची अमरनाथाची यात्रा आठवा. महिना ऑगस्टचा, दिवस श्रावणाचे. वाटेवर हजारो यात्रेकरू असताना पाऊस आणि बर्फ एकदम कोसळू लागले आणि थंडीने व थकव्याने सुमारे अडीचशे माणसे प्राणास मुकली. पुष्कळांच्या अंगावर साधे सुती कपडे होते. पुढे सरकारने नीतीश सेनगुप्ता यांची समिती नेमली आणि यात्रेकरूंच्या संख्येला मर्यादा घालण्याची शिफारस झाली. आज अमरनाथास जाताना डॉक्टरांचा दाखला सक्तीचा आहे, त्यामागे ही हकिगत आहे. आणि हे केवळ भोळ्या यात्रेकरूंचेच होते असे नव्हे. २०२४ च्या जून महिन्यात उत्तराखंडातल्या सहस्रतालाच्या वाटेवर कर्नाटकातून गेलेल्या गिरिभ्रमण करणाऱ्यांची तुकडी हिमवादळात सापडली. त्यांतले नऊ जण परत आले नाहीत. तुमच्याआमच्या घरची नोकरी करणारी मुलेमुली हल्ली सुट्टी काढून अशा वाटांवर जातात. त्यांच्या आयांनीही हे ऐकून ठेवावे.

आता थंडीने माणूस मरतो म्हणजे काय होते? आपल्या अंगाची ऊब सदतीस अंशांच्या आसपास असते. ती पस्तिसाच्या खाली गेली की दुखणे सुरू झाले. त्यासाठी बर्फात गाडले जावे लागत नाही. ओले कपडे आणि वारा एवढे दोघे पुरेसे आहेत. ओला कपडा अंगाची ऊब कोरड्या हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेतो. सुती लुगडे भिजले की ओलेच राहते. लोकर भिजली तरी थोडीफार ऊब धरते. प्रथम माणूस कुडकुडतो. मग चिडचिड करतो, अडखळतो, बोटांनी गाठ सुटत नाही, शब्द जड होतात. त्यानंतर कुडकुडणे थांबते. ते थांबले म्हणजे बरे वाटले असे मुळीच समजू नये. चुलीतली लाकडे संपली असे समजावे. काही जणांना तर त्या वेळी उकडल्यासारखे वाटून ते अंगावरचे कपडे काढू लागतात.

माझ्या थोरल्या जाऊबाईंचे असेच झाले होते. २०१८ च्या मे महिन्यात आम्ही केदारनाथाच्या वाटेवर होतो. नेणाऱ्या यात्रा कंपनीच्या पत्रकात रोजच्या जेवणाचे पदार्थ श्रीखंडासकट छापले होते. कपड्यांविषयी "गरम कपडे आणावेत" एवढे तीन शब्द. लिनचोलीच्या पुढे पाऊस लागला आणि पाहता पाहता त्याचा बर्फ झाला. जाऊबाई सुती साडीत. वरचे प्लास्टिक वाऱ्याने केव्हाच फाटले होते. कधी कुणाला उणा शब्द न बोलणाऱ्या बाई, पण घोडेवाल्यावर उगाच डाफरू लागल्या. सुटलेली पिन त्यांना पदराला लावता येईना. "मला काही झालेले नाही," असे त्या म्हणत होत्या, पण जीभ जड झाली होती. चहाच्या टपरीवरच्या गढवाली मुलाच्या ते आमच्या आधी ध्यानात आले. त्याने टपरीचा आतला कोपरा मोकळा करून दिला. आम्ही ओले कपडे उतरवले, कोरडे चढवले, खाली घोंगडी घालून वरून दोन रजया दिल्या. त्या शुद्धीवर होत्या, घोट गिळत होत्या, म्हणून गोड गरम चहा पाजला. कुणी म्हणाले ब्रँडी द्या, कुणी म्हणाले हातपाय चोळा. त्या मुलाने दोन्हीला साफ मनाई केली. पुढे डॉक्टरांनीही त्याचेच बरोबर ठरवले. दारूने ऊब वाटते खरी, पण ती अंगाबाहेर जाते. आणि गारठलेले अवयव चोळल्याने अपायच होतो. तासाभराने कुडकुडणे परत आले, तेव्हा आमचा जीव खाली पडला.

मंदिर चार-पाच किलोमीटरवर राहिले होते. जाऊबाई रडल्या, पण आम्ही तिघी त्यांना घेऊन खाली उतरलो. पुढच्या वर्षी, २०१९ साली, त्याच पुन्हा गेल्या. तीन महिने रोज चालण्याचा सराव केला, वाटेत एक मुक्काम जास्त केला, लोकरी कपडे घेतले आणि सुखरूप दर्शन घेऊन आल्या.

भगिनींनो, आपल्या काही सवयी तिथे आपल्याच वैरिणी होतात. आडोसा मिळणार नाही म्हणून आपण पाणी पीत नाही. त्याने थकवा आणि डोकेदुखी वाढते. शंकराचे दर्शन म्हणून उपवास धरतो. रिकाम्या पोटी अंगात ऊब कुठून येणार? अनवाणी चढण्याचा नवस बोलतो. बर्फावर बोटे बधिर होतात आणि दुखणेही कळत नाही. कापराची पुडी हुंगली की नाक मोकळे वाटते, पण त्याने प्राणवायू तसूभरही वाढत नाही. हेलिकॉप्टरने गेले तरी उंचीची सवय अंगाला झालेली नसतेच. आणि सर्वांत वाईट सवय म्हणजे दुखणे लपवणे. "माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको," असे म्हणत आपण घरी ताप अंगावर काढतो. डोंगरावर तसे करून चालत नाही. डोके दुखून मळमळू लागले तर आणखी वर चढू नये. बसल्या जागी धाप लागली किंवा झोकांड्या जाऊ लागल्या तर रात्र असो, दिवस असो, खालीच उतरावे. त्यावर खरा उपाय तोच आहे.

न्यायचे सामान थोडकेच आहे. साडीऐवजी सलवार-कमीज, आत लोकरी कपडे, वरून पाणी न शिरणारा चांगला रेनकोट. कानटोपी, हातमोजे, महिनाभर वापरून पायाला बसलेले बूट, मोज्यांचे दोन जादा जोड. बर्फावरच्या लखलखाटाने डोळ्यांना इजा होते, म्हणून काळा चष्मा. एक पूर्ण कोरडा पोशाख प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून स्वतःच्या पाठीवर. घोड्यावर नव्हे, कारण घोडा पुढे निघून जातो. गूळ-शेंगदाणे, रोजची औषधे, आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांची तपासणी. चढण पहाटे सुरू करावी, कारण दुपारनंतर हवा बिघडण्याचा संभव अधिक.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. अकराजणींच्या दोन-दोनच्या जोड्या कराव्यात; एक जोडी तिघींची होईल. जोडीदारणीला तासातासाने विचारायचे, आणि तिने "मी ठीक आहे" म्हटले तर तेवढ्यावर भागवायचे नाही; पदराला नाहीतर ओढणीला पिन लावून दाखव म्हणायचे. जिला परतावे लागेल तिच्याबरोबर तिच्या जोडीदारणीने निमूट परतायचे. आणि इथे आल्यावर "दर्शन न घेताच आलीस?" असे कुणीही, अगदी थट्टेनेसुद्धा, विचारायचे नाही. कारण या एका प्रश्नाच्या धाकानेच बाया पुढे पाऊल टाकतात. केदारनाथाची दारे दरवर्षी उघडतात. त्याला आपली घाई नाही.

ही सूचना आजच्या सभेने मान्य करावी अशी माझी विनंती आहे.