पोलादाचे पाणी आणि वाफेचा ताप



या व्यासपीठावर आपण संतवाङ्मय ऐकता, इतिहास ऐकता. आज आम्ही दंतवैद्याच्या हत्यारांविषयी बोलणार आहोत. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या भट्टीपुढे अधिक झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता ऐकावे, ही विनंती.

२०१२ साली एका दवाखान्यातल्या मावशी युनियनच्या कचेरीत आल्या. दंतविभागातली हत्यारे धुऊन ती वाफेच्या यंत्रात, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये घालणे हे त्यांचे काम. दातांवरचे किटण खरवडण्याच्या हत्यारांची धार गेली होती, चिमट्यांचे सांधे गंजून जाम झाले होते. वरिष्ठांनी निकाल दिला : बाईंनी हत्यारे फार तापवली, पोलादाचे पाणी उतरले, नुकसान पगारातून कापा. शिवाय हुकूम सुटला की, यापुढे हत्यारे नुसती उकळून घ्या. मावशी म्हणाल्या, "भाऊ, यंत्राचा काटा मी कधी पुढे सरकवला नाही. मी जाळलं नाही हो."

आता पाणी उतरणे म्हणजे काय? लोहार विळा लाल करून पाण्यात बुडवतो. पोलाद कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून त्याला बेताने दुसरा ताप देतात. धारेच्या हत्याराला हा ताप साधारण २०० अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक असतो. घासून लख्ख केलेल्या पोलादावर २२० अंशांच्या सुमारास गवती पिवळा रंग चढतो, ३०० च्या जवळ निळा. दिलेले पाणी उतरवायचे तर या दुसऱ्या तापाच्या वर जावे लागते.

ऑटोक्लेव्हचा ताप किती? १२१ अंशांवर पंधरा ते तीस मिनिटे, किंवा १३४ अंशांवर काही मिनिटे. कोरड्या उष्णतेच्या भट्टीतसुद्धा १६० अंशांवर दोन तास किंवा १७० वर एक तास. एवढ्याने पोलादाचे पाणी उतरत नाही.

पण आमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? आम्ही टाकून दिलेले एक हत्यार आणि त्याच जातीचे एक नवे हत्यार मागून घेतले. दोन्हींवर कानस फिरवली. ती सारखीच घसरली. तिसरे जुने हत्यार स्टोव्हवर लाल केले आणि राखेत हळूहळू निवू दिले. त्यात कानस लोण्यासारखी शिरली. पाणी उतरणे म्हणतात ते हे! मावशींच्या हत्याराचे पाणी शाबूत होते. धार खाल्ली होती ती गंजाने.

मग गंज कोठून आला? आम्ही दवाखान्यात जाऊन पाहिले. धुण्याला कूपनलिकेचे खारे पाणी. दुपारची हत्यारे रक्तासह सकाळपर्यंत तशीच पडलेली, कारण संध्याकाळी धुवायला माणूस नाही. डाग निघावेत म्हणून ब्लीचिंगच्या पाण्यात भिजवण्याची वरूनच आज्ञा. साधे कार्बन पोलाद आणि स्टेनलेस एकाच ताटात, आणि पुडकी ओलीच बांधलेली. साध्या पोलादाची धार तीक्ष्ण खरी, पण दमट वाफेत ती लवकर गंजते. त्याला कोरडी भट्टी बरी.

स्टेनलेसचीही गोष्ट ऐका. १९१३ साली शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांनी पोलादात तेरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम घातले. हा गृहस्थ पोलाद वितळवणाऱ्या कामगाराचा मुलगा, बाराव्या वर्षी कारखान्यात लागलेला. क्रोमियममुळे पोलादावर डोळ्यांना न दिसणारा पातळ पापुद्रा धरतो आणि तोच गंज अडवतो. पण मीठ आणि ब्लीचिंग या पापुद्र्याला भोके पाडतात. स्टेनलेस म्हणजे अमर नव्हे!

दाताच्या मुळात फिरवायच्या निकेल-टायटॅनियमच्या बारीक फाईलींची जात मात्र निराळी. त्यांचा लवचिकपणा तापमानावरच बेतलेला असतो. ऑटोक्लेव्हच्या फेऱ्यांनंतर काही फाईलींची थकवा सोसण्याची शक्ती वाढलेली आढळली, काहींत फरक पडला नाही. वाकड्या मुळात पुन्हापुन्हा वाकून त्या थकतात आणि मोडतात. म्हणून किती वेळा वापरल्या याची नोंद ठेवावी आणि वेळेवर टाकून द्याव्यात.

आता त्या उकळण्याच्या हुकुमाकडे वळू. पाणी १०० अंशांना उकळते. त्यात पुष्कळ जंतू मरतात, पण धनुर्वातासारख्या जंतूंचे बीजाणू तगून राहू शकतात. १८७९ साली पाश्चरचे सहकारी शांबरलाँ यांनी दाबाच्या वाफेचे यंत्र केले ते याचसाठी. हत्यार वाचवण्यासाठी ताप कमी करणे म्हणजे चिमट्याची किंमत रोग्याकडून वसूल करणे. आणि तो चिमटाही वाचत नाही!

त्या वेळी लागू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाप्रमाणे नुकसानीची कपात करण्यापूर्वी कामगाराला आपली बाजू मांडू देणे भाग होते. मावशींना कोणी विचारलेच नव्हते. आम्ही तिन्ही हत्यारे आणि कानस टेबलावर ठेवली आणि साहेबांनाच घासून पाहा म्हटले. कापलेले पैसे परत मिळाले. उकळण्याचा हुकूमही मागे घेतला. शुद्ध केलेले पाणी, ब्रश आणि जाड हातमोजे आले. संध्याकाळच्या धुण्यासाठी दुसरा माणूस मात्र वर्षभर भांडल्यावर मिळाला.

बंधुभगिनींनो, दंतवैद्याच्या खुर्चीत आपण तोंड उघडता, तेव्हा आतल्या खोलीत धुण्याच्या टाकीपाशी उभ्या असलेल्या बाईच्या हाती आपला जीव असतो. तिला चांगले पाणी आणि पुरेसा वेळ मिळतो का, एवढे एकदा विचारून पाहा.