शिपाई आणि शाहीर

लढाई शिपायानें पाहावी आणि शाहिरानें गावी, ही आपली जुनी रीत. १६५९ सालच्या अफझलखानवधावर अग्निदासानें पोवाडा रचिला. १६७० सालीं सिंहगडीं तानाजी पडला, त्यावर तुळशीदासानें. आपल्या वीरगळांवरही खालीं झुंज व वर शिवपूजा कोरलेली असते. परंतु हा मान पडलेल्या वीराचा; जिवंत परतलेल्यासाठीं दगड कोणी उभारीत नाहीं.

जुन्नर-आंबेगांवांत निवृत्त सैनिक आहेत, आणि तमाशाची पंढरी नारायणगांवही येथेंच आहे. कलावंतानें सैनिकाच्या ओसरीवर बसावें. सैनिकानें विजयाबरोबर आपली भीति, थंडी, सोबत्याचा शेवटचा शब्दही सांगावा; कवनांत जें खोटें वाटेल तें खोडण्याचा अधिकारही त्याचाच असावा. नाहींतर त्याचें युद्ध त्याच्यासवें जाईल आणि आपल्या हातीं उरेल तो केवळ ऐकीव पराक्रम.