सायकल, आपल्या स्वतःसाठी



गटाच्या बैठकीत सायकल शिकायचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "आता या वयात शिकून का करू व माय?" आणि "पडली तं लोक हासतीन."

पहिल्याचं उत्तर तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या बायांनी तीस वर्षांपूर्वीच देऊन ठेवलं आहे. तिथं साक्षरतेची मोहीम चालली, तिच्यासोबत बाया सायकलही शिकल्या. शेतमजूर, दगडखाणीत राबणाऱ्या, अंगणवाडीताई, सगळ्या. १९९२ च्या महिला दिनाला दीड हजारांवर बाया घंट्या वाजवत सायकलवर निघाल्या. लेडीज सायकली पुरेनात म्हणून जेंट्स घेतल्या, आणि काहींना तीच आवडली, कारण पुढच्या दांड्यावर लेकरू बसवता येतं! दुसऱ्या वाक्याचं उत्तर सोपं आहे. लोक हसतात, आठ दिवस. मग त्यांना दुसरं काही सापडतं.

आता शिकायचं कसं? मागून कोणीतरी सीट धरून पळायचं, ही जुनी पद्धत सोडून द्या. धरणारा दमतो आणि शिकणारी घाबरते. सीट इतकी खाली करा की बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील. मिस्त्रीकडून दोन्ही पायडल काढून घ्या. घरी काढत असाल तर ध्यानात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, नेहमीसारखं फिरवाल तर आणखी घट्ट बसेल. मग शाळेच्या मैदानात, किंचित उतार असेल तिथं, पायाने ढकलत चालवा. हळूहळू पाय उचलून धरा. तोल आला की पायडल लावा. नजर पुढे, चाकाकडे नाही. खड्ड्याकडे पाहत राहिलं की सायकल बरोबर खड्ड्यातच जाते, हे तर तुम्ही गाड्यांवरही पाहिलं असेल.

ब्रेक दोन्ही सोबत दाबायचे. वेगात असताना नुसता पुढचा जोरात दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. म्हणून कोणता ब्रेक कोणत्या चाकाचा, हे आधी उभ्यानेच पाहून घ्या. पावसात रिम ओली झाली की ब्रेक उशिरा लागतो. आणि आपली काळी माती! पहिल्या पावसानंतर पांदणीत सायकल घातली तर मडगार्डमध्ये चिखल असा भरतो की चाक फिरत नाही, मग सायकलच खांद्यावर घ्यावी लागते. त्या दिवसांत डांबरी नाहीतर मुरमाच्या रस्त्यानेच जा. बाभळीचा काटा बाराही महिने आहे, तेव्हा पंक्चरचं सामान आणि पंप गटात एक तरी असू द्या.

पोरं गियरची सायकल मागतात, दोन्हीकडे शॉकप वाली. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरच्या सपाटीला गियर लागत नाही. स्वस्तातली शॉकपची सायकल जड असते आणि दुरुस्तीही गावात होत नाही. परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट चढायचा असेल तर गोष्ट वेगळी, तिथं गियर पाहिजेच. चढ लागायच्या आधी हलका गियर टाका. जोर लावताना बदलला तर साखळी उतरते. उतारावर ब्रेक एकसारखा दाबून ठेवू नका, दाबा आणि सोडा, आणि अंग थोडं मागे घ्या. घाटात डोक्याला सायकलचंच हलकं हेल्मेट हवं, पट्टा हनुवटीखाली बांधलेला. मेळघाट हे वाघाचं जंगल आहे, परवानगीशिवाय आतल्या वाटांना जायचं नाही.

कपड्यांचं म्हणाल तर सलवारीला घोट्याजवळ रबर, ओढणी कमरेला आणि साखळीवर झाकण. साडी असेल तर मागच्या चाकाला जाळी लावून घ्या. उन्हाळ्यात अकोल्याचं ऊन पंचेचाळीसच्या पुढे जातं, म्हणून सकाळी सूर्य वर यायच्या आत.

आणि पैसे? इथं आम्हाला थोडं बोलायचं आहे. अंतर्गत कर्जाच्या अर्जात बाई कारण लिहिते "मुलाच्या शाळेसाठी सायकल", आणि सायकल खरोखर मुलाकडेच जाते. शेळीसाठी कर्ज दिलं तर कोणी विचारत नाही. बाईने आपल्या हौसेसाठी मागितलं की सगळ्यांच्या भुवया वर. हप्ता वेळेवर येत असेल, नोंद बरोबर असेल, तर कारण "स्वतःसाठी" लिहायला काय हरकत आहे? शेतावर, दवाखान्यात, बँकेत ती सायकल जाणारच, पण तिचा हिशेब आधी मांडायची सक्ती कशाला? गुरुकुंज मोझरी आपल्याच जिल्ह्यात आहे. कोणाला तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर म्हणायला शिकायचं असेल तर खंजिरीलाही हाच नियम लावा.

कर्ज नको वाटत असेल तर सगळ्यांनी मिळून एक जुनी सायकल घ्या. घेताना रिम फिरवून पाहा, डुलते का. दांड्याच्या जोडावर वेल्डिंग दिसलं तर घेऊ नका. पाळी वहीत लिहा, आणि त्या वहीत पहिलं नाव सर्वांत जास्त लाजणाऱ्या बाईचं टाका. बाकीच्या रांगेत उभ्या असल्या की तिला मागे सरता येत नाही.